कार्डावर तुझा नंबर

पनवेल. फेब्रुवारीतला पहिला सोमवार, सकाळ. स्थळ : माझं जेवणाचं टेबल. हजर : मी.

नंदा, सवयीने तारीख आणि हजेरी लिहिली. दोन बायकांच्या धंद्यात कसली मीटिंग आणि कसली हजेरी, म्हणून तू इतकी वर्षं हसलीस. दर सोमवारी मी पेन काढलं की तू मजकूर सांगायचीस, "लिही, हेडबाई. हजर, दोघी. गैरहजर, गिऱ्हाईक." मग चहा, आणि मग कामाचं बोलणं.

मी कुठूनही परत आले, लग्नाहून असो नाहीतर बँकेतून, तुझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कोण कोण होतं?" तेव्हा आधी तेच सांगून टाकते. तुझ्या वेळी स्मशानात कोण कोण होतं.

तुझे सुरेशराव होतेच. मुग्धा पुण्याहून वेळेत पोचली, आईचं तोंड बघायला मिळालं तिला. रफिकभाई छापखाना बंद ठेवून आले आणि शेवटपर्यंत चपला हातात धरून उभे राहिले. का, ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. कामोठ्याच्या सुमनताई मसालेवाल्या दोन्ही सुनांना घेऊन आल्या. बायकांनी स्मशानात यायचं नसतं असं कुणीतरी पुटपुटलं, तर त्या म्हणाल्या, "मी जानार," आणि पुढे चालायला लागल्या. खारघरचे क्लासवाले सर होते. द्रोणागिरीच्या गोदामाचे शेठ आले नाहीत, माणसाबरोबर हार पाठवला, चांगला मोठा. बाकी तुमची सोसायटी. गर्दी होती नंदा. तू म्हणाली असतीस, "एवढी माणसं, आणि एकालाही कार्ड दिलं नाहीस?" नाही दिलं.

आपलं काम एका ओळीत सांगायचं तर मी डिझाइन करायची आणि तू गिऱ्हाईक आणायचीस. दुकानांचे बोर्ड, मसाल्याची पाकिटं, मेनूकार्ड, क्लासची पत्रकं, गोदामवाल्यांची कॅलेंडरं. मी नोकरी सोडून घरी कॉम्प्युटर घेऊन बसले तेव्हा मला वाटलं होतं की काम चांगलं असलं की ते आपोआप पसरतं. सहा महिने काही पसरलं नाही. मग समोरच्या बिल्डिंगमधली तू एक दिवस वाटीभर विरजण मागायला आलीस, माझ्या स्क्रीनकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हे छान आहे. पण हे तू इथे बसून कुणाला दाखवतेयस?"

तुझी पद्धत मी नंतर कुठल्याही पुस्तकात किंवा व्हिडिओत पाहिली नाही. नवं दुकान, नवा दवाखाना, नवा क्लास, काहीही उघडलं की इकडे सत्यनारायण होतो आणि रस्त्यावर फ्लेक्स लागतो. तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा ही विनंती. तू म्हणायचीस, "विनंती केलीय ना त्यांनी? मग आपण मान राखायला नको?" एक नारळ घ्यायचा आणि जायचं. मालकाकडे बघायचंही नाही, कारण त्या दिवशी तो फोटोत गुंतलेला असतो. त्याच्या आईशेजारी किंवा बायकोशेजारी बसायचं. कथा पूर्ण ऐकायची. प्रसाद खायचा. कामाबद्दल चकार शब्द नाही. निघताना दारात फक्त, "बोर्ड छान केलाय हो. रस्त्यावरून वाचता येत नाही, तेवढंच."

की झालं. दोन दिवसांत फोन.

"काम मागायचं नसतं," तू मला शिकवायचीस. "बसायचं असतं. ते विचारेपर्यंत बसायचं." आणि परत येताना कागदात बांधलेला शिरा आणायचीस, माझ्या वाटणीचा. मी तो कीबोर्डच्या बाजूला ठेवून चमच्याने खायची आणि तू तिथे कोण कोण होतं ते सांगायचीस. पनवेलमधली निम्मी माणसं मला अशी शिऱ्याबरोबर माहीत झाली.

आपल्या कार्डावर नावं दोन आणि नंबर एकच, तुझा. ते तूच ठरवलंस आणि मला ते पटलं. मला फोनवर बोलता येत नाही असं नाही, पण माझं बोलणं तीन वाक्यांत संपतं. काय हवंय, कधी हवंय, मजकूर पाठवा. तुझं आधी मुलाची दहावी, मग सासूचा गुडघा, मग बोर्ड. "तुझा आवाज ऐकला तर लोकांना वाटेल वीजबिल थकलंय," असं तू म्हणाली होतीस. कार्ड छापताना रफिकभाईंनी विचारलं, "उज्ज्वलाताई, तुमचा नंबर मिस्टेकने राहिला का?" तू म्हणालीस, "नाही हो भाई. मुद्दाम लपवलाय."

मला तू एकदाच पूजेला नेलंस, आणि ती कामोठ्याची फजिती मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही, कारण मध्येच हसू येतं. आता मध्येच दुसरंच काहीतरी येतं.

खाली चष्म्याच्या नव्या दुकानाचा फ्लेक्स होता. दुकानाचं शटर अर्धं खाली, आत कुणी नाही. तू म्हणालीस, पूजा वर ठेवली असेल. दुसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं, बाहेर चपलांचा ढीग, आत भटजींचा आवाज. आपण गेलो, नारळ ठेवला, बसलो. कथा संपली, आरती झाली, शिरा हातात आला. मग हिरव्या साडीतल्या एक दणकट बाई आपल्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी कोनाकडच्या गो?"

तू गोड हसून म्हणालीस, "चष्म्याच्या."

"कोन चष्म्याच्या?"

"चष्म्याच्या दुकानाची पूजा ना ही?"

"दुकान खाली हाय. त्यांची पूजा उद्या हाय. हे माजं घर हाय. वास्तुशांत हाय माज्या घराची."

मी उठले. मी खरंच पर्स खांद्याला लावली आणि दाराकडे निघाले. तू जागची हलली नाहीस. शिऱ्याचा घास संपवलास आणि म्हणालीस, "मग घर फार छान आहे तुमचं. आणि ह्यात केळं घातलंय ना? म्हणूनच वेगळा लागतोय."

बाई तुझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि आतल्या सगळ्यांना हाका मारून सांगितलं की ह्या दोघी चष्मा बघायला आल्या नि घर बघून चालल्या. मला म्हणाल्या, "तू कुठं चालली? पूजेला आलेलं मानूस जेवल्याबिगर जातं का? बस."

त्या सुमनताई. जेवणात वालाची भाजी होती. तू पहिल्या घासाला विचारलंस, "मसाला कुठला हो हा?"

"माजा."

"विकता?"

"शेजारनी नेतात पिशवीत भरून. आमी कुठं दुकान टाकलंय?"

जिन्याने उतरताना तू मला कोपर मारलंस. पुढचं सगळं पनवेलला माहीत आहे. लाल पाकीट, त्यावर त्यांचाच फोटो. फोटो लहान करा असं मी सांगत होते तर म्हणाल्या, "मसाला मी कुटते, मग फोटो कुनाचा मोठा लावू?" आजही आपलं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक तेच. चष्म्यावाल्याने मात्र आपल्याला कधीच काम दिलं नाही. तू त्याच्याकडून दोन चष्मे केलेस, तरी नाही.

आता आपलं भांडण. ते अर्धं राहिलंय आणि मला ते नीट मांडायचं आहे.

गेल्या वर्षापासून फोन कमी झाले. क्लासवाल्या सरांचा पुतण्या मोबाईलवर पत्रकं करायला लागला. गोदामवाले शेठ म्हणाले, कॅलेंडर आता भिंतीला कोण लावतं. लोक फोनला सांगतात, लग्नाची पत्रिका कर, आणि फोन ती बनवून देतो. गणपतीला सहा बोटं का असेनात. मी माझ्या परीने उपाय केला. ऑनलाइन काम देणाऱ्या साइटवर नाव घातलं, जुन्या कामांचे नमुने नीट लावले, रोज सकाळी अनोळखी कंपन्यांना मेल पाठवले. एक तक्ता केला. विचारलं, उत्तर, पुढे काय. पहिला रकाना भरत गेला.

तू तक्ता बघितलास आणि म्हणालीस, "ही तर आपल्या अपमानाची यादी. आणि त्यातही तू रंग भरलेस."

मी म्हटलं, "आणि तू? शिरा खाऊन किती दिवस धंदा चालवणार? लोकांना आता कुणाला विचारायची गरजच राहिली नाही नंदा. फोन आहे."

"म्हणूनच तर जायचं. फोन काय त्यांच्या आईशेजारी जाऊन बसतो?"

"हे उत्तर नाही."

"नाही का? बरं. तू एकदा एकटी जा. एकच पूजा. मग बोलू."

मी म्हटलं, आधी तू तुझा ई-मेल उघडायला शीक, मग बोलू. सोमवार संपला. त्यानंतरच्या सोमवारी तू दवाखान्यात होतीस. माझ्या बाजूचे मुद्दे अजून तयार आहेत, क्रमाने. ते ऐकून मान हलवायला आणि एकही पटवून न घ्यायला समोर कुणी नाही.

दवाखान्यात तरी तू स्वस्थ पडावंस. पण पहिल्याच दिवशी सुरेशराव तुझी लघवीची बाटली घेऊन लॅबला म्हणून निघाले आणि कँटीनच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाटीवर दोन्ही नावं आणि बाण एकच. आतल्या माणसाने न बघता सांगितलं, "लॅब मागे, काका. रोज दहा जण येतात." ते ओशाळून परत आले आणि तू पोट धरून हसलीस. सलाइन लावलेला हात वर करून मला म्हणालीस, "उज्ज्वला, बघ. आख्खं हॉस्पिटल रिकामं पडलंय आपल्यासाठी. प्रत्येक पाटी चुकलीय."

मी म्हटलं, "तू इथे पेशंट आहेस. गप्प पड."

"मी पडलेलीच आहे. विचारणारे येतायत की नाही बघ."

ते आपलं शेवटचं कामाचं बोलणं. त्यानंतरचं बोलणं पाणी हवंय का, पाय दाबू का, असं होतं.

तुझ्या दहाव्याला मी काही पाळायचं का, म्हणून तुझ्या नणंदेला विचारलं. विचारून ठेवलेलं बरं, म्हणून. त्या चांगल्या आहेत, माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्हाला कसलं सूतक? तुम्ही घरच्या थोड्याच? तुम्ही तुमची कामं करा." त्यांनी मला मोकळं केलं, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. मी घरी आले. देवापुढे दिवा लावायला हरकत नव्हती. गोडधोड खायला हरकत नव्हती. कुठल्याही पूजेला जायला हरकत नव्हती. तुझ्या चुलतसासऱ्यांच्या सुना, ज्यांनी तुला दोन लग्नांत बघितलं असेल, त्या तेरा दिवस बांधलेल्या होत्या. मी मोकळी. इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि कुणीतरी "तू नको जाऊस" म्हणावं म्हणून मी त्या आठवड्यात सगळ्यांशी उगाच बोलले.

कुणी म्हटलं नाही. म्हणून गेले. खांदा कॉलनीत फिजिओथेरपीचा नवा दवाखाना, सत्यनारायण, सायंकाळी. नारळ घेतला. मालकाच्या आईशेजारी जागा होती, तिथे बसले. पहिल्या अध्यायाच्या आतच मी पर्समधून कार्ड काढलं. माझा हातच थांबला नाही नंदा. बाई म्हणाल्या, "हो का? छान. त्या टेबलावर ठेवा." टेबलावर कार्डांची चळत होती. इंटिरिअरवाला, पाण्याच्या बाटल्यांवाला, विमावाला. मी आपलं कार्ड त्यावर ठेवलं, आणि ठेवताना दिसलं की त्यावर तुझा नंबर आहे.

तुझा फोन सुरेशरावांकडे आहे. ते तो रोज चार्ज करतात. "वाजतो अधूनमधून," म्हणाले. "मी उचलत नाही. पण बंद केला तर..." आणि वाक्य तिथेच सोडून दूध तापवायला उठले. त्यांना मी काय सांगणार होते? की भाऊजी, तो आमचा ऑफिसचा फोन आहे?

कार्ड उचलून परत घेणं बरं दिसलं नसतं. ते तिथेच राहिलं. शिरा वाटणाऱ्या मुलीने माझ्या हातात द्रोण दिला आणि विचारलं, "काकू, घरी कुणासाठी बांधून देऊ?"

इतकी वर्षं घरी ज्याच्यासाठी बांधून यायचं, ते माणूस मी होते. मी म्हटलं, "नको गं. मीच आलेय."

घरी येऊन तक्ता उघडला. विचारलं : हो. उत्तर : रकाना रिकामा. त्या रात्री मी ठरवलं की सुमनताईंची नवी पाकिटं पूर्ण करायची आणि मग नोकरीसाठी अर्ज टाकायचे. ह्या वयात डिझाइनची नोकरी कोण देतं ते तुला माहीत आहे, पण ठरवलं. नोकरीच्या अर्जांसाठी वेगळा तक्ता केला.

मग गेल्या बुधवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. माझ्या मोबाईलवर.

"उज्ज्वला मॅडम? मी हॉस्पिटलमधून मेट्रन बोलतेय. दुसऱ्या मजल्यावर, नंदाताईंच्या वॉर्डात आपली भेट झाली होती."

मला वाटलं बिलाचा काहीतरी घोळ असेल. मी कागद शोधायला उठले.

त्या म्हणाल्या, "पाट्यांचं काम आहे आमचं. सगळ्या बिल्डिंगच्या. तुमच्या मैत्रिणीने डोकंच खाल्लं होतं माझं. रोज राउंडला गेले की एक नवी चूक दाखवायच्या. पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारून गोळा करायच्या. मीटिंगमध्ये आमच्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, करूनच टाका."

मी माझी तीन वाक्यं बोलले. काय हवंय, कधी हवंय, मजकूर पाठवा.

त्या हसल्या. "त्या म्हणाल्याच होत्या तुम्ही असं बोलाल म्हणून. म्हणाल्या, ती स्वतःहून फोन करणार नाही हां सिस्टर, तुम्हीच करा. कागद नव्हता तर माझ्या तळहातावर पेनाने नंबर लिहिला. तो हात धुवायच्या आधी मी मोबाईलमध्ये घातला म्हणून बरं."

मी विचारलं, कुठला नंबर लिहिला?

"हाच की. तुमचाच. तुम्हाला लागला ना फोन?"

नंदा, तुझ्या उशाशी कार्डं होती. मीच ठेवली होती, तू मागितलीस म्हणून. कार्ड द्यायचं सोडून तू पेन मागून घेतलंस, सुई टोचलेल्या हाताने दहा आकडे लिहिलेस, आणि ते माझे लिहिलेस. तुला कधीपासून माहीत होतं? हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी तू म्हणाली असतीस, "अगं, कार्ड सापडलं नसेल," आणि मी ते खरं मानलं असतं.

फोन ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, "आधीच करणार होते. पण म्हटलं तेरावा होऊन जाऊ दे तुमचा."

"मला सूतक नव्हतं," मी म्हटलं.

"असं कसं नव्हतं?" त्या म्हणाल्या.

  त्यांच्या मागे कुणीतरी कुणालातरी लिफ्ट कुठे आहे म्हणून विचारत होतं.

शुक्रवारी गेले. मीटर टेप, कॅमेरा, वही. मेट्रनबाईंनी आधी चहा मागवला आणि मी नको म्हणणार होते, पण बसले. त्यांच्या मुलीची ह्या वर्षी बारावी आहे, आणि त्यांना स्वतःला पाठीचा त्रास आहे, हे मला आता माहीत आहे. मी विचारलं नव्हतं. बसल्यावर ते आलं. तू म्हणशील, बघ. मी अजूनही म्हणेन की एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. हे भांडण चालू ठेवायचं आहे मला.

तळमजला कागदावर पूर्ण झाला. कँटीन आणि लॅब वेगळ्या केल्यात, दोन पाट्या, दोन बाण, शेजारी चित्रं. रफिकभाईंना कच्चं डिझाइन दाखवलं, तर ते चष्मा वर करून म्हणाले, "ताई, ये कप है के बाटली? माणूस परत चुकेल." मग चष्मा परत नाकावर घेतला आणि म्हणाले, "नंदाताईंनी पण हेच म्हटलं असतं. अल्ला त्यांना जन्नत नसीब करो." कप बदलला. आता त्यावर वाफ दाखवलीय. पहिला मजला पूर्ण झाला. तिथे शस्त्रक्रियेच्या खोलीपुढे माणसं तासन्‌तास बसतात आणि समोर वाचायला फक्त "थुंकू नये" आहे, ते काढून काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये. तुला विचारलं असतं.

नवी कार्डंही छापायला हवीत. रफिकभाई म्हणाले, नंबर बदलून देतो, प्लेट तयार आहे. मी म्हटलं, नंबर घाला माझा. नावं दोन्ही राहू देत.

मेट्रनबाई पहिल्या मजल्यावरच्या जिन्यापाशी माझ्याबरोबर उभ्या होत्या. वर बघून म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्याचं माप मी वॉर्डबॉयकडून घेऊन पाठवू का? एकच तर पाटी आहे तिथे, लिफ्टसमोर." मी म्हटलं, नको, दुसऱ्या कुणी घेतलेलं माप मी वापरत नाही. सोमवारी येते.

आज सोमवार. हजर, मी. विषय एकच. दुसरा मजला, लिफ्टसमोरची पाटी. लांबी, रुंदी, जमिनीपासूनची उंची, आणि वॉर्ड कुठल्या बाजूला ते बघून बाण. टेप पर्समध्ये आहे. माप घ्यायचं राहिलंय.